उत्तरेकडच्या खोलीचं दार

११ जानेवारी

ताई,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाहीतर तू पत्राचा शेवट आधी वाचशील. नाही, डिस्टेंपर नाही. ऑइलपेंट नाही, प्लायवूड नाही, लाकडाला पॉलिश नाही. प्लॉटवरचीच माती चाळून, त्यात थोडा चुना घालून, यंत्रात दाबलेल्या विटा. त्यावर चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी. "बाई, कुठल्या काळात राहता?" असं गवंडीकाकांनी पहिल्याच भेटीत विचारलं. मी म्हटलं, "काका, आजवर सगळ्यांनी आम्हाला चुना लावला, आता आम्ही भिंतीला लावतो." ते हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी हाच विनोद ते स्वतःचा म्हणून सुताराला सांगत होते.

चुना खड्ड्यात मुरत घातलाय. आई रोज छत्री आणि घडीची खुर्ची घेऊन तिथे जाते आणि चुन्यावर पाणी आहे ना ते पाहते, जणू दूध उतू जाणार आहे. तिला तिथे करमतं. मजुरांना तिने आपापल्या मुलांची लग्नं कशी जमवावीत हेही सांगून झालंय.

फोनवर दोन वाक्यं झाली की तुझी धाप ऐकू येते, मग आई फोन माझ्या हातात देऊन मोरीत तोंड धुवायला जाते. म्हणून मी पत्रांचा आग्रह धरला होता. आता मलाच मजा यायला लागलीय. ऑफिसात दिवसभर गोदामांचे नकाशे काढायचे, त्यात एक वाक्य म्हणून लिहायला मिळत नाही.

एक सल्ला हवाय. चुन्यात पिवडी मिसळली तर रंग टिकतो का? रंगाच्या कारखान्यात तू एवढी वर्षं रंग जुळवलेस, तुझ्याशिवाय कुणाला विचारू? त्या रंगांनीच तुझी छाती घेतली, म्हणून विचारावं की नाही असंही वाटलं. पण ही नुसती माती आहे गं. वाससुद्धा मातीचाच.

घर बैठंच आहे. आमच्या दोन खोल्या, आईची एक, मोठं स्वयंपाकघर. उत्तरेकडे एक खोली जास्तीची काढलीय. पाहुण्यांसाठी. येतं-जातं माणूस.

तुझी,
बारकी

१५ फेब्रुवारी

ताई,

"पाहुण्यांच्या नाकाची एवढी काळजी?" असं लिहिलंस. पकडलंस. पाहुणा कुणी नाही. खोली तुझी आहे.

आधी सांगणार नव्हते. खोली पूर्ण झाली, वाळली, तिच्यात कसलाही वास उरला नाही, की मगच बोलवायचं असं ठरवलं होतं. कारण एकदा बोलावून झालंय. जुन्या फ्लॅटवर तू आलीस त्या दिवशी शेजाऱ्यांनी दाराला रंग दिला होता आणि तू जिन्यातूनच परत फिरलीस. तुझी पिशवीही वर आली नव्हती. तेव्हापासून आई जिन्याच्या त्या वळणावर कधी थांबत नाही, गुडघे दुखत असले तरी.

टेकडीवरच्या त्या भाड्याच्या खोलीत तुला श्वास मिळतो, हे खरं. पण आजारपणात तुला पाणी कोण देतं, हे विचारलं की तू पुढच्या पत्रात पावसाविषयी लिहितेस. तू इथे राहायला यावंस, कायमची, एवढंच मला हवंय. घर बांधायचं ठरलं ते त्यासाठीच. तुझ्या मेहुण्याला बाग हवी होती, तुझ्या भाचीला, चिंगीला, कुत्रा हवा होता, ते सगळं नंतर आलं.

काल सुतार पॉलिशचा डबा घेऊन आला. "नुसतं लाकूड कसं दिसेल? लोक मला नावं ठेवतील." आईने खुर्चीतूनच सांगितलं, "लोकांना आम्ही आत बोलावलंय का? डबा उचल." तो म्हणाला, "आजी, एकच हात." आई म्हणाली, "माझाही एकच हात पुरेल तुला." डबा गेला. आता लाकडाला मेण चोळतोय, तोंड फुगवून.

सोबत नकाशा पाठवतेय. मीच काढलाय, ऑफिसच्या ट्रेसिंग कागदावर. नीट बघ. तुझी खोली कोपऱ्यात घेतलीय. घराच्या बाजूची भिंत दुप्पट जाड, तिला एकही भोक नाही, स्वयंपाकघरातला वास चुकूनही पलीकडे जाणार नाही. दार थेट बाहेर, अंगणात उघडतं. वर झरोके. न्हाणीघरही स्वतंत्र. कुणाचा पाय तुझ्या वाटेत यायला नको. आईने नकाशा उलटासुलटा करून विचारलं, "ती चहाला कुठून येणार?" मी म्हटलं, "आई, आपण नेऊन देऊ की."

सांग, कशी वाटली? मला तर या घरातली तीच खोली सगळ्यात आवडते.

तुझी,
बारकी

२० मार्च

ताई,

पत्र मिळालं असेलच. रविवारी फोनवर आईला म्हणालीस, "सगळं बरं आहे." घराचं नावही काढलं नाहीस. आईने दोनदा विषय काढला, तर तू तिच्या गुडघ्यांवर गेलीस.

असू दे. मी आपली कामाची खबर देते.

छप्पर चढलं. भिंतींच्या बरंच पुढे काढलंय. मातीच्या भिंतीला पायात बूट आणि डोक्यावर मोठी टोपी हवी म्हणतात. बूट म्हणजे दगडी जोतं. छपराचं पाणी गोळा करायला तुझ्या मेहुण्याने पन्हळी स्वतः बसवल्या. शिडीवर चढून सगळ्या गल्लीला सूचना देत होता. पाणी ओतून पाहिलं तर सगळं उलट्या बाजूला आलं आणि गवंडीकाकांच्या डब्यावर पडलं. काका म्हणाले, "साहेब, जेवण झालं माझं." आता उतार बदललाय.

गिलावा सुरू आहे. एक थर वाळल्याशिवाय दुसरा नाही. घाई केली तर चुना तडकतो. भिंतीला हात लावला की गार लागतं आणि हाताला पांढरी पूड येते. आम्ही अजून राहायला गेलो नाही, पण संध्याकाळी ऑफिसातून परस्पर तिकडेच जाते. कुठे बसायला काही नाही, उंबऱ्यावर टेकते. इतक्या वर्षांत डोकं न दुखता नव्या बांधकामात बसलेय असं पहिल्यांदाच होतंय.

तुझ्या खोलीचा गिलावा सगळ्यात आधी झाला.

पिवडीचं अजून कळवलं नाहीस.

बारकी

९ मे

ताई,

काल पाकीट आलं. मी उभ्याउभ्याच फाडलं. आत माझाच नकाशा. मागे तुझ्या अक्षरात: "बारके, आमच्या कारखान्यात थिनरची खोली अगदी अशीच होती. जाड भिंत, बाहेरून दार, आतून काही नाही." खाली सहीसुद्धा नव्हती.

खरं सांगते, आधी राग आला. तुझ्या नाकासाठी मी पॉलिशचा डबा परत पाठवला, सगळ्या गल्लीत वेडी ठरले, आणि तुला हे दिसलं? भांडी घासताना एवढी आपटली की तुझा मेहुणा उठून आला. त्याच्या हातात नकाशा दिला. मागची ओळ वाचून तो हसायला लागला, "अगदी बरोबर गं, हे तर तुझ्या गोदामातलं..." आणि मध्येच थांबला. तो हसला त्याचं काही वाटलं नाही. थांबला त्याचं वाटलं.

आज ऑफिसात जाऊन मागच्या वर्षीच्या एका गोदामाचा नकाशा काढला आणि तुझ्या नकाशाशेजारी ठेवला. पेट घेणारा माल ठेवायची खोली. भिंतीची जाडी तीच. झरोक्याची उंचीही तीच. दार, बाहेर. ताई, हात सवयीने चालतो. वास इकडून तिकडे जाता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि वास अडवायचा म्हटलं की माझ्या हाताला एकच खोली काढता येते. आत माणूस राहणार आहे की डबे, हे हात विचारत नाही. मी विचारायला हवं होतं.

आईला सांगणार नव्हते, पण नकाशा टेबलावर राहिला. तिने चष्मा लावून वाचला. "मी विचारलं होतं तुला, ती चहाला कुठून येणार. तू म्हणालीस, नेऊन देऊ." मग म्हणाली, "नेऊन आजाऱ्याला देतात. ती काय अंथरुणाला खिळलीय? तिला वास सोसत नाहीत, एवढंच. माणसं सोसतात की." आणि थोड्या वेळाने, "निदान अजून तरी."

तर हे बघ. आतल्या भिंतीत दार पाडायचं. भिंत उभी राहिली, गिलावा वाळला, तरी पाडायचं. नकाशाची नवी प्रत पाठवतेय. मला असं सुचतं की दार पॅसेजमध्ये काढावं, म्हणजे स्वयंपाकघर आणि तुझ्यामध्ये दोन दारं राहतील. पण मी काही काढलेलं नाही. पेन्सिल तुझ्या हातात. खूण कर आणि पाठव.

आणि राग असेल तर तोही पाठव. पत्र मात्र पाठव. तीन महिन्यांत आईला पोस्टमनची चप्पलही ओळखू यायला लागली होती.

तुझी,
बारकी

४ जून

ताई,

तुझी खूण मिळाली. एवढी ठळक की कागद फाटलाय. पॅसेजवर काट, आणि दार थेट स्वयंपाकघरात. स्वयंपाकघरात? तिथे कांदा परततात, तेल तापतं, दूध करपतं, विशेषतः आई टीव्ही बघत असली की. पण खाली लिहिलंयस: "खोकला माझा आहे. दार कुठे हवं ते मी सांगणार." तुझा मेहुणा म्हणाला, "झालं, आली मोठी बहीण घरात." ते ऐकून मला एकदम बरं वाटलं.

गवंडीकाकांना भिंत दाखवली. "काका, इथे दार पाडायचंय."

"आत्ता? आधी सुचलं नाही?"

"नाही सुचलं."

"बरं. बाकीचे लोक म्हणतात, गवंड्याचं चुकलं."

मातीची भिंत करवतीने कापता येते, हे मला माहीत नव्हतं. काकांनाही नव्हतं, पण त्यांनी ते तोंडावर दिसू दिलं नाही. आधी वर लाकडी तुळई बसवली, मग खाली कापत आले. धूळ खूप झाली, पण मातीचीच. निघालेल्या विटा भिजवून पुन्हा चिखल केला आणि मागच्या अंगणात बसायला ओटा बांधला. सिमेंटची भिंत असती तर ट्रकभर राडारोडा झाला असता, आणि कुठे टाकायचं म्हणून आम्ही रस्ते शोधत फिरलो असतो.

दाराला एका पाडलेल्या शाळेतल्या बाकांच्या फळ्या मिळाल्या. जुनं लाकूड, कसलाच वास नाही. एका फळीवर कुणीतरी कर्कटकाने बदक कोरलंय. सुतार म्हणाला, "उलटी बसवतो, तासल्यावर दिसणार नाही." चिंगी रडकुंडीला आली. बदक तुझ्या बाजूला आहे.

शेगडी समोरच्या भिंतीला, खिडकीखाली नेली. धूर ओढणारा पंखा बसवला. आणि कडी. सुताराने विचारलं, कुठल्या बाजूला? आई म्हणाली, "कडी कशाला? घर आहे की धर्मशाळा?" मी म्हटलं, ताईच्या बाजूला. आमच्या बाजूला नुसती मूठ आहे. कडी लावायची का, कधी लावायची, ते तू बघ.

आता जे सांगायचं नव्हतं ते. मागच्या आठवड्यात तुझ्या खोलीत पाऊल टाकलं आणि नाकात झिणझिण्या आल्या. रंग नाही, पॉलिश नाही, मग हे काय? भिंती हुंगल्या, खिडकी हुंगली, मी आणि तुझा मेहुणा दोन कुत्र्यांसारखे खोलीभर. शेवटी कपाट उघडलं. आईने तुझ्यासाठी जपून ठेवलेल्या रजया त्यात रचल्या होत्या आणि प्रत्येक घडीत डांबरगोळ्या. मूठमूठभर. मी ओरडलेच. आई दारात उभी, चेहरा एवढासा. "कसर लागली असती गं." मग तिलाच कळलं आणि ती मटकन खाली बसली. मग आम्ही दोघी हसत सुटलो, ताई. एवढं घर आम्ही मातीतून, चुन्यातून काढलं, आणि आई पदराखालून डांबर घेऊन आत आली.

रजया सोडा घालून धुतल्या, उन्हात टाकल्या, रोज उलटतेय. कपाट अंगणात आहे. खिडक्या सताड उघड्या. काल मेहुणा म्हणाला, आता काही वास येत नाही. पण त्याला स्वतःच्या मोज्यांचाही वास येत नाही, त्यामुळे मी अजून वाट पाहतेय.

राहायला आम्ही आलोय. तू आठवडाभर येऊन बघते म्हणतेस, तशीच ये. नुसतं बघायला. कुणी तुला धरून ठेवणार नाही. आईलाही बजावलंय, तिने मान हलवली, आणि मग विचारलं, "पण ती सामान किती आणतेय?"

तुझी,
बारकी

१८ ऑगस्ट

ताई,

तू टेकडीवर नीट पोचलीस हे आईकडून कळलं. भाड्याची खोली सोडायला गेलीस, तेव्हा आता पत्राची गरज काय, असं मेहुणा म्हणतो. पण एक गोष्ट तुला माहीत नाही, आणि समोर असताना ती माझ्याच्याने बोलवणार नाही.

तो तिसरा दिवस. पहिले दोन दिवस आम्ही सगळे चवड्यांवर चालत होतो. अत्तर नको, उदबत्ती नको, साबण बिनवासाचा. जेवण उकडलेलं. चिंगीने तुझ्यासमोर खोडरबरही काढलं नाही, त्यालाही वास असतो म्हणे. तू ओट्यावर बसून पिवडी चुन्यात कालवत होतीस, काठीने ढवळून पाठीमागच्या भिंतीवर बोटाएवढे पट्टे ओढत होतीस. "ओलं बघू नका, चुना वाळला की फिका पडतो. दाट करा." गवंडीकाका मान डोलवत होते आणि बघून झाल्यावर म्हणाले, "मी पण तेच म्हणणार होतो." तू हसलीस. हातांवर कोपरापर्यंत रंग घेतलेली तू मला कितीतरी वर्षांनी दिसलीस. मला वाटलं, जमलं.

आणि मग आईने तेल तापत ठेवलं आणि दुधवाल्याशी भांडायला बाहेर गेली.

धूर झाला. तू स्वयंपाकघरातच होतीस. खोकलीस, वाकलीस, भिंतीला धरून आत गेलीस. कडी लागल्याचा आवाज आला. इथपर्यंत तुला ठाऊक आहे. आता दाराच्या अलीकडचं सांगते.

मेहुण्याने शेगडी बंद करून कढई खाली घेतली, पंखा लावला. मी खिडक्या उघडल्या. चिंगी टॉवेलने धूर बाहेर हाकत होती. मग करायला काही उरलं नाही. आई आली, कढई पाहिली, आणि सरळ जाऊन तिने तुझ्या दारावर हात टेकला. ठोठावलं नाही. नुसता पंजा टेकला. आतून खोकला येत होता. आम्ही सगळे चोरासारखे उभे. माझ्या मनात एकच, उद्या सकाळी ही जाणार. आणि मी तुला अडवू शकणार नाही, कारण तू खरंच इथे श्वास घेऊ शकत नसशील, तर कुठल्या तोंडाने अडवू? एवढं घर बांधलं, आणि एक कढई पुरली.

खोकला कमी झाला. मग थांबला. आम्ही श्वासही हळू घेत होतो.

आणि तुझा आवाज आला. घोगरा, आणि वैतागलेला. "मेलात का सगळे? बोला की! इथे दार कशाला मागितलं मी? हवा तर टेकडीवरही होती. तिथे कुणाचं काही ऐकू येत नव्हतं."

ताई, आई तोंडात पदर धरून उभी होती. मग ती, जी एरवी थांबत नाही, ती एकेक शब्द शोधत म्हणाली, "हे बघ... कढई खाली घेतली. तेल गार होतंय. काळी झालीय. आता राख घेते." मेहुणा म्हणाला, "राख कुठून आणणार, आपल्याकडे शेगडी गॅसची आहे." आई म्हणाली, "तू मध्ये बोलू नकोस, मी तिच्याशी बोलतेय." आतून हसू आलं, मग थोडा खोकला, मग पुन्हा हसू. मग दुधवाल्याचा विषय निघाला. त्याने पाणी घातलं की नाही यावर आई एवढी रंगात आली की कडी निघाल्याचं कुणाला कळलंच नाही. तू दारात उभी राहून म्हणालीस, "पाणी घातलेलंच आहे. कालच्या चहाला मी गप्प बसले होते."

आईचा पंजा दारावर होता, हे तुला दाराआडून दिसलं नसणार. म्हणून लिहिलं. तिला सांगू नकोस.

इकडे सगळं ठीक. रोज सकाळी घराच्या समोरासमोरच्या खिडक्या उघडतो, एक वाऱ्याची झुळूक आरपार जाते. पश्चिमेच्या भिंतीला खाली ओल दिसली म्हणून काकांना बोलावलं. पन्हळीत पानं अडकली होती, पाणी भिंतीवर उतरत होतं. आता पन्हळ साफ करणं हे मेहुण्याच्या रविवारचं काम. तेवढा गिलावा खरवडून नवा चुना ओढला, आणि आता तो ठिगळासारखा जास्तच पांढरा दिसतोय. पाऊस संपला की सगळ्या घराला एक हात द्यायचाच आहे. दरवर्षी द्यावा लागतो. रंग तू ठरव. मागच्या भिंतीवरचे तुझे पट्टे वाळलेत. डावीकडून तिसरा मला आवडतो, आईला चौथा, चिंगीला सगळे.

कांदा आम्ही परततो. पंखा लावून, झाकण ठेवून, पण परततो. तूच म्हणालीस, उकडलेलं खाऊन मरायला आले नाही मी.

टेम्पो कुठल्या दिवशी ते कळव, मी सुट्टी घेईन. टेम्पोवाल्याला सांग, सामान स्वयंपाकघरातून आत घ्यायचं. तो म्हणेल, अंगणातलं दार जवळ पडतं. म्हणू दे.

तुझी,
बारकी